माझे बूट फिरून येतात

घर न बघता, फोनवरचे सहा फोटो पाहून मी ते वर्षभरासाठी भाड्यानं घेतलं. गाढवपणा सर्वस्वी माझा, तेव्हा पुढचं वाचताना कीव करू नका. आणि भूतबीत मी मानत नाही. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर माझा विश्वास फक्त बगवर उरलाय.

जागा नॉर्थम्बरलँडमध्ये, स्कॉटलंडच्या हद्दीजवळ. बारा घरं, त्यातली सात बंद. चहूकडे स्प्रूसचं, म्हणजे सुईसारख्या पानांच्या उंच झाडांचं जंगल, दुकान अठरा मैलांवर. लंडनला पिनरमध्ये आमचं घर, तिथल्या जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, शुगर बघून रोज चालायला सांगितलं होतं. जंगलात राहिलो की पाय आपोआप चालतील, असं मी बायकोला, मुग्धाला, पटवलं. तिची अट एकच — आधी महिनाभर तू एकटा राहून दाखव, मग मी येऊन बघते, नाहीतर परत पिनर.

पहिल्या दिवशी सवयीनं बूट दाराबाहेर काढले. लेस मी कधी सोडत नाही, नुसता पाय ओढून घेतो. सकाळी नऊला दार उघडलं... बुटांना ओला चिखल, स्प्रूसच्या सुया, आणि लेस व्यवस्थित सोडलेल्या. पायरीवर दव गोठलेलं, पण बूट आतून गरम.

कोल्हा म्हणावं, तर कोल्हा लेस सोडतो?

मग रोज तेच. रोज धू, रोज पायरीवर वाळत घाल. वैताग नुसता. कॅमेरा लावला. रेकॉर्डिंगमध्ये बूट जागचे हलत नाहीत. सकाळी मात्र चिखल हजर.

पलीकडच्या घरातली जीन, ऐंशीच्या घरातली बाई, अंडी द्यायला आली.

"बूट आत ठेव," ती म्हणाली.

"आमच्यात घरात आणत नाहीत."

"मग तो घालणारच."

"तो कोण?"

"मी कशाला विचारू? मी माझे आत ठेवते."

ठेवायचे ना मग आत? नाही. बाहेरची चप्पल उंबऱ्याच्या आत आली की आई घर डोक्यावर घ्यायची. ते अंगात मुरलंय, जंगलानं काय फरक पडतो.

महिना संपला, मुग्धा आली. तिचे बूट माझ्या बुटांशेजारी. सकाळी तिचे कोरडे ठणठणीत, माझे नेहमीसारखे. मग सगळं सांगावंच लागलं. तिनं माझ्या बुटात हात घातला. गरम. संपलं, आता ही बॅग भरणार, असं मी धरूनच चाललो.

तिनं बूट उलटा केला. तळ पार झिजलेला.

"हे महिन्यापूर्वी नवीन घेतलेस ना?"

"हो."

"फोन दे."

फोनमध्ये माझी पावलं मोजली जातात. काल चारशे बारा. परवा तीनशे नव्वद. तिनं अख्खा महिना बघितला.

कोण घालतं, कसं घालतं, माझेच का — माझ्याकडे आजही उत्तर नाही. मुग्धाला त्यात काडीचा रस नव्हता. तिनं बूट होते तिथेच, दाराबाहेर ठेवले.

"मी राहतेय," ती म्हणाली. "बूट रोज जाऊन येतात, म्हणजे वाट चांगली आहे. खोट फक्त तुझ्यात आहे."