डाव्या पायावरचे चार काप

आमच्या आबांची केस अक्कानं घालवली, असं आमच्या घरात पस्तीस वर्षं सांगितलं जातं. केस मी घालवली. आता शहात्तरी गाठली आहे, स्मरणशक्ती अजून शाबूत आहे (दुर्दैवानं!), तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

धुळ्याला देवपुरात आमचं चपलांचं दुकान. आबा म्हणजे माझे थोरले भाऊ. ते आत बसून चपला बनवायचे, मी बाहेर बसून विकायचो. ही वाटणी आबांनीच केली होती, कारण लहानपणी मी रापी हातात घेतली की चामड्याआधी माझं बोट कापलं जायचं. आबांची एक चप्पल सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध. पुढचा पट्टा केळीच्या पानासारखा कापलेला, मधोमध शीर आणि पानाला वाऱ्यानं चिरा पडाव्यात तसे एका कडेला तिरपे पाच काप. प्रत्येक पायावर पाच. लोक तिला ‘पानवाली’ म्हणत. शिंदखेड्याहून शेतकरी कापूस विकायला आला की बायकोसाठी लुगडं आणि स्वतःसाठी पानवाली घेऊनच परत जायचा.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस दुकानात आला. (कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांचं एक पत्र आलं तेवढं आयुष्याला पुरलं!) मे महिना, धुळ्याचं ऊन, आणि याच्या गळ्यात टाय! मला तर तिथंच तो फार मोठा माणूस वाटला.

“हा नमुना आमच्या साहेबांना दाखवतो,” तो म्हणाला. “आवडला तर धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांची एजन्सी तुम्हाला.”

आबांनी मानही वर केली नाही. “मी बनाडस, तू इकस,” ते मला म्हणाले. “मझार कंपनी कसाले?” म्हणजे मध्ये कंपनी कशाला!

झालं! पण माझ्या डोक्यात ‘दोन्ही जिल्हे’ फिरायला लागले होते. मी आबांच्या हातची जोडी पाठवली असती तर त्यांना लगेच कळलं असतं, कारण ते जोड्या लेकरांसारख्या मोजायचे. म्हणून ते एका लग्नाला शिंदखेड्याला गेले तेव्हा दोन दुपारी दार लावून मी स्वतःच पानवाली बनवली. उजवी बरी जमली. डाव्या चपलेवर चार काप झाले आणि पाचवा माझ्या अंगठ्यावर बसला! म्हटलं, साहेब मुंबईत बसून थोडेच काप मोजणार आहेत? पार्सल केलं, पोस्टात टाकलं. आबांना सांगितलं, अंगठा पत्र्यानं कापला.

दीड वर्ष काही उत्तर नाही. आणि एक दिवस रजिस्टर पोस्टानं नोटीस आली. या चपलेचं डिझाइन कंपनीच्या नावे नोंदलेलं आहे, तुम्ही ते चोरलं आहे, बनवणं आणि विकणं ताबडतोब बंद करा, नाहीतर कोर्टात या. सोबत फोटो. उजव्या चपलेवर पाच काप, डाव्या चपलेवर चार.

माणूस स्वतःचं नाक जसं ओळखतो, तशी मी ती चप्पल ओळखली.

आबांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि हसायला लागले. “हाई काम शिकाऊ माणूसनं शे. माणूस काय, एखादा बैलनं शे!”

मीही हसलो. काय करणार?

आम्ही वकील केला. वकीलसाहेब चांगले होते, फक्त प्रश्न फार विचारायचे. “आबा, तुमची चप्पल त्यांच्या नोंदणीच्या आधीपासून बाजारात होती ना? मग काही अडचण नाही. ते सिद्ध झालं की त्यांची नोंदणीच रद्द. पुरावा काय आहे? बिलं?”

बिलं आम्ही कधी दिली नव्हती. जुन्या चपला म्हणाल तर आमचे गिऱ्हाईक पायाखालची माती लागेपर्यंत चप्पल वापरणारे. तेवढ्यात माझी बायको मंगला म्हणाली, “आमच्या लग्नातली यांची जोडी आहे की ट्रंकेत!”

खरंच होती. माझ्या लग्नात आबांनी ती स्वतः केली होती आणि आतल्या तळावर आरीनं टोचून लग्नाची तारीख काढली होती. नोंदणीच्या चांगली पंधरा वर्षं आधीची! वकीलसाहेब खुर्चीतून उठले. “केस जिंकली समजा! येत्या सोमवारी घेऊन या. आणि त्यांचा तो टायवाला माणूस साक्षीला येईल ना, त्याला असा पिळतो बघा. डिझाइन तुझ्याकडे आलं कुठून? दिलं कुणी? बोल! सगळं ओकायला लावतो!”

सगळ्यांचे चेहरे फुलले. मला मात्र त्या ‘दिलं कुणी?’पुढे माझंच नाव ऐकू आलं.

त्याच आठवड्यात आमची थोरली बहीण अक्का जळगावहून आली. माझा चेहरा पाहून तिनं पंचांग न उघडताच निदान केलं. “सुका, तुले साडेसाती शे. शनवारले जुना जोडा शनीना देऊळमा सोड, अनवानी घर ये, मांगे देखू नको. पनवती जाई.”

तिनं सांगितलं ते इतकंच. आमच्याकडे हे सगळेच करतात. देवळाबाहेर शनिवारी चपलांचा ढीग पडतो. माझ्याकडे रोजच्या वापरातली, अंगठा तुटलेली जोडी होती. ती सोडायला काहीच हरकत नव्हती.

शनिवारी मी गेलो. अनवाणी परत आलो. सोमवारी मंगलानं ट्रंक उघडली, आणि घरात आकांत झाला.

“अहो, कोणती जोडी घालून गेलात तुम्ही?”

“जुनी,” मी म्हणालो. “अक्का म्हणाली, जुना जोडा.”

सगळे अक्काकडे वळले. आजवर मी सांगत आलो की गोंधळात, चुकून तीच जोडी पायात गेली. पण त्या ट्रंकेवर तीन पितळी भांडी आणि एक गादी असायची, आणि तिची कडी उचलायला गुडघा लावावा लागायचा. चुकून कुणी एवढं करत नाही.

मग सगळं कुटुंब शनीच्या देवळात! ढिगापाशी आबा बसले आणि एकेक चप्पल उचलून बघू लागले. “हाई मन्ही... हाई बी मन्ही! आरे, हाई ते नथ्थूनी! गया महिनामा ली ग्या ना रे तो!” आपल्या हातच्या किती चपला लोकांनी शनीला वाहिल्या, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं. पाच-सहा गिऱ्हाइकांशी ते पुढं वर्षभर नीट बोलले नाहीत! लग्नाची जोडी मात्र मिळाली नाही. पुजारी म्हणाला, “चांगली होती. एक जण पायात घालून नरडाण्याच्या गाडीत बसला.”

“म्हणजे आपली पनवती नरडाण्याले गई,” अक्का म्हणाली. त्या दिवशी तिच्या या बोलण्यावर कुणी हसलं नाही.

पुरावा गेला, नुसत्या तोंडी साक्षी टिकणार नाहीत असं वकीलसाहेब म्हणाले, आणि तडजोड झाली. पानवाली यापुढे बनवणार नाही, असं आबांनी कागदावर लिहून द्यायचं ठरलं. सही करताना ते थांबले आणि कंपनीच्या वकिलाला म्हणाले, “साहेब, चप्पल तुमची तर तुमची. फक्त डाव्यावर एक काप कमी आहे, तेवढा टाकून घ्या. घालणाऱ्याला बरं नाही दिसत.”

वकील हसला. “नोंदणी फोटोप्रमाणे झालीय, बाबा. आता बदलता येत नाही.”

आबांनी सही केली. आयुष्यात मी त्यांना इतकं हळू लिहिताना पाहिलं नव्हतं. नंतर कंपनीची पानवाली देवपुरातही विकायला आली. कुणी ती दुरुस्तीला आणली की आबा अंगठा शिवायचे आणि न विचारता डाव्यावर पाचवा काप टाकून द्यायचे. (कायद्यानं हाही गुन्हा असेल. असेल तर तोही माझ्याच नावावर लिहा!)

आणि अक्का? प्रत्येक लग्नात, बारशात भाचेपुतणे ओरडायचे, “चपला आत घ्या रे, अक्का ई गई!” (अक्का आली!) सगळे हसायचे. तीही हसायची. मी सगळ्यात मोठ्यानं हसायचो.

गेल्या दिवाळीत आबांना सगळं सांगितलं. नमुना, पार्सल, ट्रंक. चार दिवस ते माझ्याकडे पाठ करून जेवले. पाचव्या दिवशी म्हणाले, “माले काय सांगस? अक्काले सांग.”

म्हणून एसटीनं जळगावला गेलो. अक्कानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मन्हामुळे आबानी पानवाली गई, म्हनीसन पस्तीस वरीस मी शनवार धरात. उपाशी ऱ्हायनू.”

मला हे माहीतच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, “अक्का, सोड आता ते उपास.”

“मी सोडस,” ती म्हणाली. “पन धरेल शनवार वाऱ्यावर सोडतस का? आते तू धर.”

डॉक्टरांनी मला साखरेमुळे उपास मना केले आहेत. तसं अक्काला फोनवर सांगून पाहिलं. ती म्हणाली, “त्या डॉक्टरले इचार, पस्तीस वरीस खोटं बोलेल चालस का?” मी विचारलं नाही.

तेव्हा हल्ली दर शनिवारी दुपारी मी वाटीभर भगर घेऊन बसतो. समोर आबा बसतात, वय वर्षं ब्याऐंशी, ताटात वांग्याचं भरीत आणि गरम पुऱ्या. एरवी त्यांना भरीत सोसत नाही, पण शनिवारी सोसतं! दुसरी पुरी मोडताना ते न चुकता विचारतात, “सुका, कंपनीले आखो एक जोडी धाडनी शे का रे?”

मी भगर चिवडत राहतो. सत्य बोलायला मी पस्तीस वर्षं लावली, ते पुऱ्या संपवायला तेवढाच वेळ लावतात.