ओटची भुरी

शेती संशोधन केंद्राच्या कचेरीत तिला सगळे भुरीची आई म्हणत आणि ती चिडायची नाही. पिकावर पिठासारखी पांढरी भुरी पडली की लोक औषध मारायला धावतात; ही बाई मात्र तोच रोग काचघरात लाडाने सांभाळायची. नवं वाण भुरीपुढे टिकतं का हे तपासायचं, तर भुरी हाताशी नको? आणि ही महामाया बाटलीत राहत नाही, हिला जिवंत पानच लागतं. तेही कुठलंही चालत नाही! गव्हाची भुरी जवावर उपाशी मरेल, जवाची ओटला तोंड लावणार नाही. म्हणून प्रत्येकीची खोली वेगळी, रोपं वेगळी, आणि जुनी पानं पिवळी पडायच्या आत तिला नव्या रोपांवर झटकायचं.

ओटची भुरी तिची सगळ्यात लाडकी. ती जिथून आणली त्या शेतात आता गोदामं होती, आणि तशी दुसरी कुणाकडेच नव्हती.

तिचा नवरा नुकताच तिथल्या बी-भांडारात बदलून आला होता. ती दर खेपेला, कशाला ते न सांगता, त्याच्याकडून ओटचं जुनं, लेचंपेचं, रोगाला पटकन बळी पडणारं बी न्यायची. त्यावरून भांडारातले त्याची टिंगल करत, बायकोलाही गाळच देतोस का म्हणून. ते त्याला लागलं असावं. या खेपेला त्याने न सांगता रोगाला दाद न देणारं सुधारित बी पुडीत भरलं.

रोपं तरारली. तिने त्यांच्यावर भुरी झटकली आणि वाट पाहिली. पानांवर ठिपका नाही. घाईघाईने तिने शिल्लक राहिलेलं जुनं बी पेरलं, पण ते उगवेपर्यंत भुरी ज्यांवर जगत होती त्या जुन्या पानांनी मान टाकली. शेजारी गव्हाची, जवाची रोपं तयार होती. वेड्या आशेने तिने त्यांच्यावरही भुरी झटकली. काही झालं नाही. होणार नाही हे तिला ठाऊकच होतं की. साहेबांनी भिंगातून पाहिलं, मान हलवली. त्यांच्या तरी हातात काय होतं?

संध्याकाळी नवरा तिला न्यायला आला. सुधारित रोपं बघून त्याचा चेहरा फुलला.

"बघ, एक डाग नाही. मीच मुद्दाम दिलं हे बी. नेहमी तुझ्याच वाट्याला रद्दड का यावं?"

कुणाला तरी फाडून खायचं असं तिने सकाळपासून ठरवलं होतं. पण याला काय बोलणार? राग आला, रडू आलं, दोन्ही तिने गिळलं.

"छान आलीत," ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या कुंड्यांत जुन्या बियांचे कोंब आता कुठे वर आले होते. त्यांच्यावर झटकायला काही उरलं नव्हतं. तिने त्यांना पाणी घातलं.