कोतवालचाचा आणि माझा रकाना

कोतवालचाचांचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. तलाठ्याची नोटीस घ्यायला कुणी दार उघडलं नाही, तर चाचा दारावर लाथ घालत. भांडणाऱ्या दोन भावांना त्यांनी एकदा भर चावडीत एकमेकांवर आपटलं होतं.

मी तेव्हा ऑनलाइन सेवांच्या अर्जांचे रकाने ठरवायच्या कामावर होतो. कुठल्या रकान्यात कोणते पर्याय द्यायचे, कोणत्या शब्दानं शोधल्यावर कोणती सेवा सापडावी, हे बुलढाण्यात बसून ठरवायचो आणि धामणगाव बढ्याजवळच्या एका गावात तपासायला जायचो. मी 'वारस नोंद' लिहिलं की चाचा टेबलावर बुक्की हाणत.

"असं कोन बोलते बे, बाबू? लोक म्हनतात, नाव चढवाचं हाये. थे लिही."

मी तसं लिहून घ्यायचो. शिव्या खाऊन माझं काम सुधारत होतं, हे मान्य करायला हवं.

त्या वर्षी बीटी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. तिच्यात कीटकनाशक फवारता फवारता ते नाकातोंडात जाऊन गावातल्या सुनंदाचा नवरा कोसळला आणि दवाखान्यात मेला. ती दिराला घेऊन मदतीचा अर्ज भरायला गावच्या सेवा केंद्रावर आली, तेव्हा मी आणि चाचा तिथंच होतो. मृत्यूच्या कारणांत मी साप, वीज, विहीर सगळं दिलं होतं. विषाला मात्र एकच पर्याय: 'विष घेऊन आत्महत्या'. 'यांनी दुसरा दिलाच नाही,' असं माझ्याकडं बोट दाखवत केंद्रचालकानं तोच निवडला. छापून आलेली पावती दिरानं मोठ्यानं वाचली.

पुढच्या क्षणी खुर्ची कॉम्प्युटरवर आदळली. काचा उडाल्या. "माह्या भावानं जहर घेतलं नाई!" असं ओरडत त्यानं कमरेचा विळा उगारला, तो थेट माझ्या मानेवर. चाचांनी मध्ये हात घातला. तळवा फाटला, टेबल रक्तानं माखलं. त्याच हातानं चाचांनी दिराला भिंतीवर आपटून विळा हिसकावला. मग वळून माझ्या सणसणीत थोबाडीत दिली.

"त्यानं विळा मांगून उचलला, बाबू. पयले तुनं मारलं."

मला राग आला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोलिसांना चाचांनी 'पत्रा लागला' एवढंच सांगितलं. 'फवारताना विषबाधा' हा पर्याय मी साहेबांशी भांडून घालून घेतला आणि सुनंदाचा अर्ज दुरुस्त होऊन मंजूरही झाला. चाचांची दोन बोटं मात्र पुन्हा मिटली नाहीत.

माझी बदली झाली तेव्हा चाचांचा तो हात धरून मी म्हणालो, "चाचा, माफ करा."

त्यांनी हात झटकला. "मले कायची माफी? सुनंदाचं घर तिकडं हाये."

मी गेलो. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली, तसा मी वळलो आणि मोताळ्याची गाडी धरली. पुढं चाचा वारल्याचं कळलं. सुनंदाची माफी मी अजून मागितलेली नाही.