एक खाच ढिली

सोमवारी सकाळी केसरबाईचा घसा बसलेला असायचा. सर्दी नाही, पडसं नाही. रविवारभर तो वापरलेलाच नसायचा, एवढंच. नवघरच्या त्या एका खोलीत बोलायला होतं कोण? नवरा कोंडिराम जाऊन सहा वर्षं झाली. लेक बंटी बायकोला घेऊन पुण्याला गेला, त्याचा फोन यायचा तोही गाडीतून. "आई, बरीयेस ना? चल, सिग्नल सुटला." सिग्नल सुटला की आईही सुटली.

म्हणून तिला गाळा लागायचा. भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत शिवदास पाटलाचा वायरींचा गाळा होता. वायरी मापात कापायच्या, टोकांना पितळी कॉन्टॅक्ट दाबून बसवायचे, जुडगे बांधून गिऱ्हाइकाला पाठवायचे. शिवदास मूळचा मुर्ध्याचा, बापाची मिठागरं होती. आता मिठाच्या जागी वायरी.

केसरबाई माळ्यावर बसायची. एके काळी तिथल्या लांब टेबलाला सहा बायका असत आणि सहा पक्कडी चालत. मग खाली कॉन्टॅक्ट दाबणारी प्रेस आली. सहा जणींचं दिवसाचं काम ती चहाच्या आधीच उरकायची. गिरिजा गेली, विनिता गेली, एकेक करून सगळ्या गेल्या. पाच स्टुलं एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवलीत. सहाव्यावर केसरबाई. प्रेसला जे परवडत नाही ते पन्नास-शंभर नगांचं किरकोळ काम तिच्याकडे यायचं. शिवदासनं तेव्हाच सांगितलं होतं, "मावशे, तुजा हात चालतंय तवर वरचा माला तुजा. हात थांबला का हाताचं काम बी बंद. मना दुसरी बाय ठेवायची न्हाय."

पक्कड तिची एकोणीस वर्षांची. वायर सोलायची, तांब्याचा एक केससुद्धा तुटू द्यायचा नाही, कॉन्टॅक्टच्या खोबणीत बसवायची आणि जबड्यात धरून दांडे दाबायचे. कर्, कर्, कर्, कर्, टक. तो शेवटचा टक झाल्याशिवाय जबडा उघडतच नाही. अर्ध्यावर हात काढला तरी ती कॉन्टॅक्ट धरून बसते. गिरिजा म्हणायची, "ही माझी सासू आहे गं, पुरतं पिळल्याशिवाय सोडायची नाही!" तेव्हा सहाही जणी हसायच्या. आता केसरबाईला ते आठवलं तर ती एकटीच हसायची आणि मागे कोणी पाहिलं का म्हणून वळून बघायची. मागे स्टुलं.

रोज जाताना ती जुन्या दातब्रशनं जबड्यातला तांब्याचा चुरा झाडायची. कोंडिरामच्या बनियनच्या चिंधीनं दांडे पुसायची. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फक्त खिळ्यांत. जबड्यात नाही, तेल कॉन्टॅक्टला लागतं. खंडेनवमीला गाळ्यातल्या सगळ्या हत्यारांना कुंकू लागायचं, झेंडू चढायचा, तेव्हा ती आपली पक्कड पिशवीत घालायची. "दातात कुंकू गेलं की अडकते हो," म्हणायची. आपल्यात हे करत नाहीत, हे दुसरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी विचारायचं नाही.

मागच्या थंडीत तिच्या उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलं. सकाळी डब्याचं झाकण उघडेना. चाळीस कॉन्टॅक्ट दाबले की कोपरापर्यंत कळ जायची. कुणाला सांगणार? सांगितलं तर माळा गेला. माळा गेला की आठवड्याचे सातही दिवस रविवारच.

पक्कडीच्या पोटात एक बारकी दातेरी चकती असते. स्क्रू काढून ती फिरवली की दाब कमी-जास्त होतो. एका दुपारी, माळ्यावर नाहीतरी कोणी नव्हतंच, तिनं ती एक खाच ढिली केली. एकच. टक थोडा लवकर आला. अंगठ्याला बरं वाटलं.

प्रत्येक कामाचे पहिले पाच नग ताणकाट्यावर ओढून बघायचे असतात. ते पाच ती दोन्ही हातांनी, टकच्याही पुढे दाबायची. पाचही पास व्हायचे. पहिल्या पाचांना हात ताजा असतो, असं ती स्वतःला सांगायची. पुढचे सगळे एका हाताचे, टक आला की सोडलेले.

आणि बुधवारी वसईच्या गिऱ्हाइकाकडून खोकं परत आलं. हॉस्पिटलच्या खाटा वर-खाली करणाऱ्या मोटरच्या वायरी. दोनशे चाळीस कॉन्टॅक्ट, त्यातल्या तीन ठिकाणी वायर निसटलेली.

तपासणीचं काम बघणारी सुचेता खोकं घेऊन वर आली. "मावशी, कॉन्टॅक्टचा रोलच फालतू आलाय. सप्लायरला मेल टाकतेय, आता बघा कसा नाचवते त्याला."

"रोल खराब?"

"मग काय तुमचा हात खराब? एकोणीस वर्षांत तुमचा एक नग परत आलाय का?"

ती खाली गेली. केसरबाईनं खोक्यातला एक कॉन्टॅक्ट धरला आणि वायर ओढली. शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेतून गर यावा तशी आली. दुसरी ओढली, तीही आली.

गप्प राहिलं तर झालं होतं. रोल बदलला असता, चकती गुपचूप मागे फिरवता आली असती. पण कोंडिरामच्या शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या खाटेची डोक्याकडची बाजू वर केली तरच त्याला श्वास पुरायचा. ती खाट हँडल फिरवून उचलायची होती, आणि रात्रंदिवस हँडलला केसरबाईच होती. या खाटांना हँडल नव्हतं.

ती खाली उतरली. शिवदास केबिनमध्ये सुचेताला मेलचा मजकूर सांगत होता.

"शेठ, त्या माणसाला काही लिहू नका. रोल चांगला हाय. पक्कड म्या ढिली केली."

"काय क्यलंस?"

"एक खाच. अंगठा दुखतोय म्हणून."

"मावशी!" सुचेताचा हात कीबोर्डवरच राहिला. "आणि ते पहिले पाच नग?"

"दोन्ही हातांनी दाबले."

शिवदासनं तिच्या हाताकडे बघितलं. "मना का न्हाय बोललीस गो?"

"बोलले असते तर वर बसू दिलं असतं का?"

शिवदासनं वरून पक्कड मागवली, चकती होती तिथे फिरवली, जबड्यात कॉन्टॅक्ट धरला आणि तिच्या हातात दिली. "दाब."

कर्, कर्, कर्. तिथेच थांबलं. ना मिटे, ना उघडे. खाली मान घालून तिनं दुसरा हात लावला. टक.

"सगलं परत करावं लागंल," शिवदास म्हणाला, पण आवाज चढवला नाही.

"करते."

"तू?"

"बिघडवलं कुणी?"

दोनशे चाळीस कॉन्टॅक्ट कापून टाकले आणि नव्यानं बसवले. दोन्ही हातांनी, वायर पोटानं टेबलाला दाबून धरत. चार दिवस लागले, मध्ये रविवार आला तो असाच गेला. सुचेतानं पाच नाही, तीस ओढून बघितले. एक निसटला नाही.

मंगळवारी केसरबाईनं पक्कड झाडली, पुसली, तेल दिलं आणि चिंधीत गुंडाळून सुचेताच्या टेबलावर ठेवली.

"हे काय? शेठ काही बोलले नाहीत ना?"

"ते कुठं बोलतात. मीच सांगते. दोन हात लावले की वायर कोण धरणार? तेल फक्त खिळ्यांत, पोरी. जबड्यात नाही."

"मावशी, मला कुठे येतंय हे?"

"येतं. शेवटपर्यंत दाबायचं, बस."

ती वर जाऊन डबा घेऊन आली. सहावं स्टूल पाचांवर ठेवूनच. चहाची वेळ होती, प्रेस बंद होती. ती गाळ्याबाहेरच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असताना मागून आवाज आला. कर्, कर्, कर्, कर्.

आणि थांबला.

केसरबाई कठडा धरून उभी राहिली. तिची बोटं कठड्यावर आपोआप आवळली. आत शिवदास काहीतरी म्हणाला, सुचेता हसली, खुर्ची सरकली.

टक.

मग ती उरलेल्या पायऱ्या उतरली.