लछूदादांची गाडी सरळ करताना

आमच्या वर्कशॉपमधलं भंगार दर महिन्याला भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, त्यामुळे ते साठतच जातात. मी कात्रपहून रोज अंबरनाथ पश्चिमेला येतो, गाड्यांच्या वाकलेल्या चासी सरळ करतो आणि घरी जाऊन बायकोला एक तरी किस्सा सांगतो. मध्यंतरी ती म्हणायची, लछूदादांच्या गाडीचं काय झालं तेवढं सांगा, बाकीचं राहू द्या.

लछूदादा उल्हासनगरचे, कापडाचे व्यापारी, पंच्याहत्तरीचे. गाडी त्यांच्या वडिलांची, जुनी विलायती, खाली दोन लांबलचक लोखंडी रेलींची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. त्यातली एक वाकलेली, म्हणून गाडी उजवीकडे ओढायची. मुलगा विनोद याने निकालच देऊन टाकला होता: गाडी सरळ चालली तर ठेवू, नाहीतर भंगारात. टेस्ट तो स्वतः घेणार. दादांचा जीव त्या गाडीत, त्यामुळे ते रोज आमच्याकडे येऊन बसायचे.

*

कांबळे मिस्त्री आमचे उस्ताद. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, गाडी ठोकली कुठे? हे कुठलंच गिऱ्हाईक खरं सांगत नाही. दादा म्हणाले, ठोकली नाही, जरा घासली होती.

मिस्त्री गाडीखाली सरकले आणि तिथूनच म्हणाले, "दादा, रेलीत अजून सिमेंट अडकलंय."

दादा वाकून गाडीखाली डोकावले. मग म्हणाले, "पुलिया थी. लेकिन छोटी थी!"

*

आमच्या टेपचं टोक तुटलंय. नवा टेप आणलाय, पण मिस्त्रींचा हात जुन्यावरच बसलेला, म्हणून आम्ही सगळे चार इंचांच्या आकड्यापासून मोजतो. हे दादांना कोण सांगणार? एका दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना त्यांनी त्याच टेपने स्वतःच गाडी मोजली, तिच्या जुन्या पुस्तकाशी ताडून पाहिली आणि धावत आले. म्हणे, तुम्ही ओढून ओढून माझी गाडी चार इंच लांब केली!

मिस्त्रींनी घास गिळला आणि सांगितलं, तेवढं आमच्याकडून फुकट.

*

रेल सरळ झाली का, हे बघायला आमच्याकडे मशीन नाही. चासीच्या भोकांतून ओळंबा सोडायचा, तो टेकेल तिथे फरशीवर खडूने खूण करायची आणि खुणांमधून तिरपे दोरे ताणून मापं जुळवायची. पाच दिवसांच्या खुणा झाल्या आणि खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा म्हणून मी सकाळी लवकर येऊन सगळं वर्कशॉप धुऊन काढलं. साबण लावून! फरशी इतकी स्वच्छ कधीच झाली नव्हती.

खुणाही धुतल्या गेल्या हे कळलं तेव्हा बादली माझ्या हातातच राहिली. मिस्त्रींनी फरशीकडे पाहिलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बरं झालं. त्या खुणा केल्या तेव्हा मी चष्मा घरी विसरलो होतो."

*

लोखंड सोडल्यावर थोडं मागे येतं. म्हणून चेन-पुलीने ओढताना रेल सरळच्याही पुढे न्यावी लागते. ती दुसऱ्या बाजूला वाकताना दादांनी पाहिली आणि बिचारे रडवेले झाले. मिस्त्रींनी चेन सैल केली. रेल मागे आली आणि बरोबर दोऱ्याला लागून थांबली.

दादांनी रेलीवरून हात फिरवला. "विनोद को भी ऐसेही खींचना था," ते म्हणाले. "मैं सीधा होते ही छोड देता था."

*

टेस्ट सोनिवलीला झाली, नव्या इमारतींकडच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर. दादा चालवायला, शेजारी विनोद, मागे मिस्त्री आणि मी. गाडी निघाली आणि डावीकडे जायला लागली. दादांनी सावरली, पुन्हा डावीकडे. दादांचा चेहरा पार उतरला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण शेवटचं माप मी घेतलं होतं.

मिस्त्री म्हणाले, "दादा, हात सोडा."

दादांनी सोडले. गाडी नाकासमोर सरळ गेली. धरले, गाडी डावीकडे. सोडले, सरळ.

विनोदने विचारलं, उजवीकडे किती वर्षं ओढत होती ही? दादा म्हणाले, तीस.

विनोद मागे वळला.

"मिस्त्री, गाडी मी घरी नेतो. पप्पांना किती दिवस ठेवणार?"