तारेच्या तोंडाला हळद

पांढुर्ण्याहून सौसरला प्रकाशाचे सुटे सुटे कण पाठवायचे आणि पोचलेले मोजायचे, हे माझं काम. असा कण वाटेत कोणी चोरून पाहिला तर कळतं, म्हणून त्यावरून गुपित पाठवता येतं. एका कंपनीनं जमिनीखालची रिकामी काचेची तार दसऱ्यापर्यंत वापरायला दिली होती. तेवढ्यात मोजणी झाली तर पीएचडी, नाहीतर सगळी वर्षं पाण्यात.

पांढुर्ण्याला माझा सहकारी लेझर सांभाळायचा. सौसरला तारेचं टोक आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत आणलं होतं. तिथं कण टिपणारं यंत्र होतं, आणि ते मोठं लबाड. काही आलं नाही तरी आल्याची नोंद करायचं. थंड ठेवलं की जरा कमी खोटं बोलायचं. लाइट गेली की माझा जीव टांगणीला. अष्टमीला एकदाचे खरे कण खोट्यांतून वेगळे दिसू लागले. मी आईला मिठी मारून नाचले. आता दसऱ्यापर्यंत सलग मोजलं की झालं.

खंडेनवमीच्या दुपारी सगळं मेलं. नुसत्या खोट्या नोंदी. सहकाऱ्याला मी फोनवर नाही नाही ते बोलले. बिचाऱ्यानं लेझर पुन्हा पुन्हा तपासला, वाटेत कुठं कोणी खोदलं का याचीही चौकशी केली. शेवटी मी तार यंत्रातून काढून तिचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पिवळे कण. प्रकाश जातो ती जागा केसाहून बारीक, आणि तिच्यावर हळद. यंत्राच्या तोंडातही तीच, दाबली जाऊन ओरखडे पडलेले.

"माय, तू याले हात लावला?"

"पूजा नाही का आज? चक्कीले लावलं, शिलाई मशीनले लावलं, तुह्या मशीनले कशी सोडू? तार काढली, तोंडाले हळद-कुंकू लावलं अन् होती तशी खोसून देली. तुले यश येवो म्हणून."

यंत्र दुरुस्तीला परदेशी जाणार, आणि तार उद्याच परत. मला किंचाळायचं होतं.

"पुसून देऊ का वं?" आई पदराचं टोक घेऊन पुढे आली.

तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवरून सहकारी म्हणाला, "मी पाठवून राहिलो. दिसते का आता?"

"बंद कर लेझर."

"काहून? माह्याकडून काही चुकलं का?"

आई पदर तसाच धरून माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं, "कोणाचंच काही चुकलं नाही." आणि ढसाढसा रडले.