पाठमोरा कॉम्प्युटर

आमच्या वर्गातली माणसं हल्ली भेटतात ती लग्नात नाहीतर दहाव्याला. दहाव्याला हसता येत नाही, म्हणून सगळं लग्नावर ढकललेलं असतं. एका पंगतीत तिघं-चौघं बसलो की कोणीतरी म्हणतं, "शैला, ते आठवतं का गं?" की झालंच, जिलबी ताटात तशीच राहते. किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. भिवंडीत घरोघर कापसाची पिंज साचते ना, तसे ते साचतात. आज फळी पुसली तरी उद्या पुन्हा थर आहेच.

तर सत्तर सालानंतरची गोष्ट. आमच्या कॉलेजनं संध्याकाळचा एक वर्ग काढला. दारावर पाटी लावली, 'कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगची ओळख'. वर्गात बाकं होती, फळा होता, खडू होते, वझे सर होते. कॉम्प्युटर तेवढा नव्हता!

तो मुंबईला होता. आम्ही चौकटीचौकटींच्या कागदावर पेन्सिलीनं प्रोग्रॅम लिहायचा, शनिवारी सरांनी तो एसटीनं मुंबईच्या एका सेंटरवर न्यायचा. तिथल्या मुली एकेका ओळीसाठी भोकं पाडलेलं एकेक कार्ड करणार, मशीन ती कार्डं वाचणार आणि पुढच्या शनिवारी सर छापील उत्तर घेऊन येणार. म्हणजे आज एक स्वल्पविराम विसरला, तर मशीननं नाक मुरडलेलं आम्हाला पुढच्या आठवड्यात कळायचं. पोस्टानं भांडण करावं तसला प्रकार!

*

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर एक मोठा चौकोन काढला. "हा कॉम्प्युटर." शेजारी एक छोटा चौकोन काढला. "हा प्रिंटर." मग खडू खाली ठेवून हात झटकले.

माझ्या मागच्या बाकावर अनीस बसायचा. त्याच्या अब्बांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते आणि त्याला कारखान्यातल्या खडखडाटातून सुटका हवी होती, म्हणून तो आला होता. मी आले होते ते शिवणाच्या वर्गात जागा उरली नाही म्हणून. अनीसनं हात वर केला. "सर, मुंबईला गेलो आणि समोर कॉम्प्युटर आला, तर तो फ्रिज नाही हे कसं ओळखायचं?"

"फ्रिजला हँडल असतं," सर म्हणाले. सर गणिताचे, त्यांना थट्टा कळायची नाही.

"सर, तुम्ही पाहिलाय ना पण?"

सर ट्रेनिंगला गेले होते तेव्हा काचेपलीकडे मशीन होतं, पुढं गर्दी फार, आणि सर पडले भिडस्त, म्हणून मागच्या काचेशी उभे राहिले.

"पाहिलाय," ते म्हणाले. "पाठमोरा."

*

वर्गात खरं शिकायला आलेला एकच होता, अंजूरचा भास्कर पाटील. बाकी आम्ही सगळे वेळ घालवायला आणि सर्टिफिकेटला. भास्कर मात्र सायकल मारत यायचा, पहिल्या बाकावर बसायचा आणि सर खोकले तरी लिहून घ्यायचा.

त्याचं कारण होतं. त्याच्या वडिलांनी, नानांनी, त्याला एक वर्ष दिलं होतं. मामा लूमच्या कारखान्यात मुकादम, त्यांनी भाच्यासाठी जागा धरून ठेवलेली. नाना शेतकरी माणूस, मोजकं बोलणार. "येक वरीस शिक. त्या मशीननं तुला पास केला तर फुडं शिक. न्हाय तर मामाच्या शिफ्टला जा."

"आणि नाही झालं तर?" मी एकदा त्याला विचारलं.

"तर काय, जाईन शिफ्टला," तो म्हणाला. पण म्हणताना त्याचा आवाज असा काही झाला की मी पुन्हा तो विषय काढला नाही. शिवणाच्या वर्गाला जागा नव्हती म्हणून आलेल्या बाईनं काय बोलायचं त्याच्यापुढं!

*

फ्लोचार्ट नावाचा एक प्रकार असतो. काम कुठून सुरू, कुठं प्रश्न, हो म्हटलं तर कुठं वळायचं, नाही म्हटलं तर कुठं, हे सगळं चौकटी आणि बाण काढून दाखवायचं. सरांनी सांगितलं, "घरात रोज चालणारं कुठलंही काम घ्या."

मी वरणभात घेतला. त्यात कुकरच्या शिट्टीला असा काही बाण फिरवला की माझ्या चार्टाप्रमाणं भात अजून शिजतोच आहे.

अनीसनं लूम घेतला. 'धागा तुटला का? हो, तर लूम थांबवा, गाठ मारा, चालू करा. नाही, तर पुन्हा बघा.' तिथून बाण परत वर, पहिल्या प्रश्नाकडे. सर खूश झाले. म्हणाले, "उत्तम! याला लूप म्हणतात. पण अनीस, यात शेवटाची चौकट कुठं आहे?"

"सर, लूमला शेवट नसतो," अनीस म्हणाला. "शिफ्ट बदलते!"

वर्ग हसला. भास्कर नाही हसला.

*

अनीस शिकला उर्दू शाळेत. चौकटीच्या कागदावर तो प्रत्येक ओळ उजव्या कडेला चिकटवायचा. अक्षरं इंग्रजी, डावीकडून उजवीकडेच, पण डावी बाजू सगळी कोरी आणि उजवीकडे सगळ्या ओळी खांद्याला खांदा लावून उभ्या.

सर कळवळून सांगायचे, "अरे, सातव्या चौकटीपासून सुरू करायचं! नियम आहे. मशीन हा कागद तोंडावर फेकेल."

"सर, तुम्ही पाठवा तर."

सरांनी पाठवला, अद्दल घडावी म्हणून. पुढच्या शनिवारी उत्तर आलं. मशीननं अनीसच्या बारीकसारीक सगळ्या चुका काढल्या होत्या. स्वल्पविराम, कंस, काही सोडलं नव्हतं. पण ओळी उजवीकडे का चिकटवल्या याबद्दल अवाक्षर नाही! रिकाम्या जागेशी मशीनला देणंघेणं नसतं, हे सरांना त्या दिवशी कळलं.

सर कागद उलटसुलट करून म्हणाले, "मला वाटतं, मशीनला उर्दूची सवय असावी."

*

एकदा, चुकलेल्या ओळींपुरती नवी कार्डं पाडून घ्यायला, आमच्या जुन्या कार्डांचा खोका घेऊन सर मुंबईच्या एसटीत बसले आणि कशेळीच्या अलीकडे ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. खोका उलटला. आमच्या सगळ्यांच्या अकलेची कार्डं गाडीभर झाली!

आता भिवंडीची गाडी. निम्मे प्रवासी लूमवाले. साडीच्या काठाची नक्षी विणायची तर लूमवर भोकं पाडलेले पुठ्ठे चढवतात, त्याला जकार्ड म्हणतात. ते ज्याला माहीत नाही असा माणूस त्या गाडीत एकटे वझे सर. सगळे खाली वाकले. कोणी सीटखाली शिरला, कंडक्टरनं पायरीवरची वेचली.

एका म्हाताऱ्या चाचांनी एक कार्ड उजेडात धरलं आणि आदरानं विचारलं, "मास्टरजी, कौनसा डिझाइन है?"

"डिझाइन नहीं, समीकरण है," सर म्हणाले.

"वो ठीक है. बॉर्डर का या पल्लू का?"

सरांनी दोनतीनदा समजावून पाहिलं. मग दमून म्हणाले, "पल्लू का."

"नाजूक काम है," चाचा सगळ्यांना म्हणाले, आणि त्यानंतर लोक कार्डं दोन बोटांत धरून द्यायला लागले.

कार्डांचा क्रम मात्र पार बिघडला. सरांनी लावला तसा लावला. त्या आठवड्यात माझ्या प्रोग्रॅमची सुरुवात, अनीसचं पोट आणि भास्करचं शेपूट असा एक प्रोग्रॅम मशीनमध्ये गेला. त्यात चुका आमच्या नेहमीच्यापेक्षा कमी निघाल्या!

*

प्रिन्सिपॉल एकदा वर्ग बघायला आले. सर आम्हाला दहा आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा शोधायचा प्रोग्रॅम शिकवत होते. प्रिन्सिपॉलनी फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नव्याण्णव."

"काय सर?"

"सर्वांत मोठा. नव्याण्णव. दिसतोय की! एवढ्यासाठी मुंबईला जायचं?"

वझे सर नम्रपणे म्हणाले, "सर, मशीनला डोळे नाहीत."

"मग पाठवता कशाला त्याच्याकडे?" असं म्हणून प्रिन्सिपॉल निघून गेले.

*

आता एक सांगायला हवं. मशीनचं उत्तर यायचं ते सलग कागदावर, घड्याघड्यांचं. वर आमचा प्रोग्रॅम छापलेला असायचा आणि खाली मशीनचं म्हणणं. जितक्या चुका, तितकं म्हणणं लांब. भास्कर सगळ्यांत मेहनती, त्याचे प्रोग्रॅम सगळ्यांत मोठे, त्यामुळं चुकाही सगळ्यांत जास्त आणि गठ्ठाही सगळ्यांत जाड.

पहिला गठ्ठा घरी गेला तेव्हा नानांनी विचारलं, "काय म्हन्तो मशीन?"

भास्करची जीभ अडखळली. तो म्हणाला, "बघा ना, केवढं लिहिलंय!"

झालं! नानांनी गठ्ठा हातात तोलला आणि माळ्यावर ठेवला. पुढं एकदा भास्करचा लूप अडकला. मशीन एकच ओळ छापत सुटलं, ते सेंटरवरच्या माणसानं शिव्या देत थांबवलं. तो गठ्ठा उशीएवढा जाड! नानांनी आळीत पेढे वाटले.

मग ते सरांना भेटायला आले, वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. "सर, मशीन आमच्या पोऱ्यावर खूश दिसतो."

सरांनी भास्करकडे पाहिलं. भास्कर जमिनीकडे पाहत होता. सर खोटं बोलत नसत. ते म्हणाले, "नाना, मशीननं एवढं लांब उत्तर आमच्या वर्गात दुसऱ्या कोणालाच दिलेलं नाही."

*

वर्ष संपत आलं. परीक्षेला एकच प्रोग्रॅम, एकदाच पाठवायचा, दुसरी संधी नाही. चालला तर पास. नानांनी सांगून ठेवलं होतं, की उत्तर येईल त्या संध्याकाळी मी मामाला घेऊन कॉलेजात येतो, काय तो निकाल तिथंच लावू.

आणि नेमका भास्करचा प्रोग्रॅम या वेळी बरोबर होता! सरांनी पाहिला, अनीसनं पाहिला, मी पाहिला. काही चूक सापडेना. आम्हाला घाम फुटला. कारण बरोबर प्रोग्रॅमला मशीन काय देतं? एक पान. त्यावर एक आकडा.

"मेलास तू," अनीस म्हणाला. "नानांना एक पान दाखवणार? जाशील उद्यापासून शिफ्टला!"

मी म्हटलं, "अरे, मधली एक ओळ खोडून टाक. चांगला गठ्ठा येईल. नाना खूश."

"आणि परीक्षा?"

"नापास होशील," अनीस म्हणाला. "पण शिकशील तरी!"

भास्करनं आमच्याकडे पाहिलं, कागद उचलला आणि एकटाच सरांकडे जाऊन देऊन आला. ओळ खोडली की नाही ते सांगेना.

उत्तर यायच्या संध्याकाळी नाना आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. मागं मामा, मुकादम. सर मुंबईहून परतले, पिशवीतून कागद काढायला लागले. अनीसचा बऱ्यापैकी जाड. माझा त्याहून जाड. भास्करचं नाव घेतलं आणि सरांच्या हातात एक पान.

नानांनी ते घेतलं. उलटून पाहिलं, मागं कोरं. मामा हलकेच म्हणाले, "दाजी, येवढाच?"

भास्कर भिंतीला टेकून उभा होता.

नानांनी पान सरांपुढं धरलं. वरच्या ओळींवर बोट ठेवलं. "ह्ये वरचा कोनाचा?"

"भास्करचं. त्यानं लिहिलेलं."

"न ह्ये खालचा?"

"ते मशीनचं. एकच आकडा आहे, नाना. उत्तर."

"बराबर हाय?"

"अगदी बरोबर."

नानांनी पानाची नीट घडी घातली. मग मामांकडे वळले.

"तुमच्या शेटला सांगा, पोऱ्या न्हाय येनार. वरीसभर त्यो मशीनच बोलत व्हता. आज त्यानं पोऱ्याचा आयकला."